मूठ असलेली संत्र्याची फोड

डिसेंबर लागला की आमच्याकडे बाभळींना कापूस येतो. अमरावतीहून मूर्तिजापूरकडे निघा आणि खिडकीतून बघा. पोट फुगलेले ट्रक डुलत जातात, रस्त्याकडेच्या काटेरी फांद्या त्यांच्या कुशीतून कापूस ओढून घेतात आणि पुढचे दोन महिने पांढऱ्या होऊन उभ्या राहतात. बाबा म्हणायचे, व्यापाऱ्याकडून वसुली करणारं वऱ्हाडात एवढं एकच झाड आहे.

परवा एसटीतून ती झाडं पुन्हा दिसली आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या बाईने संत्रं सोलायला घेतलं. एसटीत कोणी संत्रं सोललं की ते खाजगी राहत नाही. ड्रायव्हरपासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळतं, सगळे खिडकीबाहेर बघायला लागतात आणि सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या मात्र नाकात त्या वासाबरोबर फिनेलचाही वास आला. बाईच्या हातातली फोड मी बराच वेळ बघत बसले. तिला वाटलं मला हवी आहे. "घ्या नं," ती म्हणाली. मी घेतली आणि खाता खाता मनाने कित्येक वर्षांपूर्वीच्या, दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात जाऊन बसले.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं वाईट होती असं आता सगळेच म्हणतात. तेव्हाही म्हणत होते, पण तेव्हा म्हणायला दिल्लीहून माणसं येत. गावोगाव पांढऱ्या गाड्या फिरत, पॅकेजं जाहीर होत, हेलिकॉप्टर उतरणार म्हणून उभ्या तुरीत चुन्याचे गोल आखले जात. वऱ्हाड म्हटलं की रडका चेहरा, हे इतकं ठरून गेलं होतं की आमच्यातलं कोणी पुण्यात मोठ्याने हसलं तर समोरचा संशयाने बघायचा. या सगळ्यात लहान मुलांना त्यांचे त्यांचे आजारही होतात आणि त्या आजारांना हेलिकॉप्टरशी काही देणंघेणं नसतं, हे कोणाच्या ध्यानात येत नव्हतं. आमच्याही नाही. आमच्या घरात आजारपण ही सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची बाब होती. मला ताप आला की बाबा आधी सरकारचा निषेध करायचे, मग गोळी द्यायचे.

बाबांचा छापखाना होता. एक खोली, एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या पेट्या आणि गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे. मोर्चा, परिषद, धरणं, रास्ता रोको, जे काही व्हायचं त्याचं पत्रक आमच्याकडे छापलं जायचं आणि त्याचा मजकूर बहुतेक वेळा बाबाच लिहायचे, पुढे पुढे मीही. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. इतर मुलींचं पहिलं वाक्य बदकाचं नाहीतर कमळाचं असेल, माझं "जाब विचारलाच पाहिजे" हे होतं. माझं नाव क्रांती. धाकट्याचं नाव हरताळ ठेवायचं बाबांच्या मनात होतं. आई आडवी आली म्हणून तो प्रशांत झाला. आमच्या घरात वाक्य सुरू करायचं तर आधी शत्रू लागायचा. शत्रू सापडला की क्रियापद आपोआप यायचं.

वॉर्डातल्या सिस्टर आमच्याच गल्लीत राहायच्या. एका संध्याकाळी ड्यूटीवरून घरी जाताना त्या छापखान्यात शिरल्या, चपला काढून बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी दुनियाभराचं छापता. माह्या पोट्ट्यांसाठी एक पुस्तक छापून द्या."

"पुस्तकं नाहीत का तिथे?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात निषेधाची तयारी सुरू झाली होती.

"हायेत नं. दानात खोकं आलं." सिस्टरनी पिशवीतून एक गुळगुळीत पुस्तक काढलं. त्यात एक अस्वलाचं पिल्लू आजारी पडतं. त्याची स्वतःची खोली असते, खिडकीबाहेर बर्फ पडत असतो, उशाशी मधाची बरणी असते आणि घुबड डॉक्टर घरी येऊन त्याला तपासतात. चित्रं फार सुंदर होती. "पोट्टे म्हणतात, अस्वलाले अलग खोली हाये, आमी एका खाटेवर दोघं. एक म्हणते, घुबड घरात शिरलं मंग ते पिल्लू वाचलं कसं? सांगा आता का सांगू."

मग त्यांनी खरं काम सांगितलं. पायल नावाची एक मुलगी होती, नऊ वर्षांची, तिवशाकडच्या एका गावातली. तिला सिकलसेल होता. हा रक्ताचा आजार जन्मापासूनचा असतो, त्यात कोणाची चूक नसते. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल असतात, यात काही वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे असं दुखतं की मोठी माणसं भिंतीवर डोकं आपटतात. पाणी भरपूर प्यायचं, थंडीत अंग उबदार ठेवायचं आणि दुखायला लागलं की लगेच सांगायचं. पहिल्या दोन गोष्टी पायल करायची. तिसरी करायची नाही.

"दात दाबून पडून राह्यते," सिस्टर म्हणाल्या. "मागच्या बारीनं आणली तं डोये पांढरे करून आणली. लवकर आणली असती तं सलाईन लावून, गोळ्या देऊन दोन दिवसांत घरी. असं लपवत राह्यली तं एखाद दिवशी माह्या हातात काहीच राह्यणार नाई. मायनं सांगतलं, डॉक्टरनं सांगतलं, मी घसा फोडून सांगतलं. आता पुस्तकानं सांगून पाहा."

बाबा माझ्याकडे वळले. "क्रांती, लिही. सकाळपर्यंत दे." आमच्याकडे सगळा मजकूर सकाळपर्यंतच लागायचा.

मी लिहिलं. पुस्तकाचं नाव 'लाल पेशींची हाक'. पहिलं वाक्य, "बालमित्रांनो आणि भगिनींनो!" दुसऱ्या पानावर आजाराचा इतिहास, तिसऱ्यावर सद्यःस्थिती, चौथ्यावर शत्रूची ओळख आणि त्याच्या नावाने 'मुर्दाबाद!'. शत्रू म्हणजे त्या वाकड्या पेशी. सिकल म्हणजे विळा. सिस्टरनी सांगितलं होतं की त्या विळ्याच्या आकाराच्या असतात, मी तसंच लिहिलं. प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह होतं, काहींना दोन. शेवटच्या पानावर "दुखलं की सांगा!" आणि त्याखाली, हाताच्या सवयीने, "जास्तीत जास्त संख्येने सहभागी व्हा!"

चित्रांसाठी बाबांनी अकोल्याहून गुलाबकाकांना बोलावलं. गुलाबकाका भिंती रंगवायचे. एकेकाळी घोषणा रंगवायचे, पण त्या वर्षांत घोषणांपेक्षा बियाण्यांच्या जाहिरातींना जास्त भिंती लागत होत्या, म्हणून पोटासाठी ते कापसाची बोंडं काढायचे. अकोल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत रस्त्याकडेला दिसणारं प्रत्येक टपोरं बोंड त्यांच्या हातचं होतं. शेतातलं बोंड मात्र लिंबाएवढंही भरत नव्हतं. "भिंतीवर उतारा चांगला हाये," ते म्हणायचे.

अडचण एकच होती, गुलाबकाकांना लहान चित्र काढता यायचं नाही. त्यांचा हात भिंतीचा. त्यांना मी वहीएवढा कागद दिला तर ते खिन्न झाले. म्हणाले, "याच्यात तं नुसता कान बसन." शेवटी त्यांनी पुठ्ठ्याचे मोठे ताव आणले, त्यावर ऑइलपेंटने चित्रं काढली आणि सुतळीने शिवून पुस्तक केलं. पान उलटायला दोन माणसं लागायची. मुलं अशी गुबगुबीत की आजारी आहेत हे लिहून सांगावं लागलं. गोल पेशी हसऱ्या, गालावर लाली. आणि चौथ्या पानावर विळे. आमच्या घरात विळा ही देवघरात ठेवावी अशी वस्तू होती, फक्त देवघर नव्हतं. गुलाबकाकांनी आयुष्यभर झेंड्यांवर विळे काढले होते. त्यांनी जीव ओतला. पात्याला धार, धारेवर चमक, लाकडी मूठ, मुठीवर रेषा. बाबा त्या पानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गुलाब, हे तुझं सर्वोत्तम काम आहे." हा आजार आहे याचा दोघांनाही विसर पडला होता.

पुस्तक लोटगाडीवर घालून आम्ही दवाखान्यात नेलं. गेटवरच्या माणसाने अडवलं. "मोर्चा अंदर नाई न्यायचा."

"मोर्चा नाही, पुस्तक आहे," मी म्हणाले.

त्याने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. बाबांना त्याने अनेक मोर्चांच्या पुढे पाहिलं होतं. "पुस्तक असं असते का? मले नका शिकवू." शेवटी सिस्टर खाली येऊन भांडल्या तेव्हा आम्ही आत गेलो.

पुस्तक उघडायला दोन खाटा जोडाव्या लागल्या. मुलं भोवती बसली, काहींच्या हाताला सलाईन, एक बाई स्टँड धरून उभी. पायल कोपऱ्यात होती, शालीत गुंडाळलेली, डोळे मोठे, वेणीला लाल रिबीन. मी वाचायला सुरुवात केली आणि माझा आवाज आपोआप चौकातला झाला. दोन बाळं रडायला लागली.

"हळू बोला नं ताई, आमी इथंच हाओ," एक मुलगा म्हणाला. हा अचलपूरचा इर्शाद. याला थॅलेसेमिया होता, दर महिन्याला रक्त चढवायला यायचा, त्यामुळे तो स्वतःला वॉर्डाचा जुना सभासद समजायचा. नवीन मुलाला कोणती सुई दुखते, कोणती नाही, हे तोच सांगायचा.

मी आवाज उतरवला. शेवटपर्यंत वाचलं. मग इर्शादने हात वर केला. "ताई, कशात सहभागी व्हायचं? बीमारीत?"

खोली हसली. मी म्हटलं, ते चुकून राहिलं आहे.

"और ये मुर्दाबाद किसका करने का? दुश्मन तं आपल्याच आंगात हाये. मुर्दाबाद केलं तं आपणच मरू."

आमच्या घराण्यात हा प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. शत्रू नेहमी मुंबईत असायचा, फार तर नागपुरात. स्वतःच्या रक्तात वाकडी झालेली, बिचारी, आपलीच पेशी, तिच्याविरुद्ध पत्रक कसं काढायचं? मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते. पायल मात्र चौथ्या पानाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर छापखान्याच्या दारातूनच सुरू झाल्या. "का पुस्तक हाये का गोटा हाये? पोट्टी कालपासून हालत नाई! कूस बदलत नाई, पानी पेत नाई. आदी नुसतं तोंड बंद होतं, आता नरडं बी बंद केलं तुमी!"

मी धावत गेले. पायल पाठीवर सरळ पडली होती, हात अंगाला चिकटवून. मला पाहून तिने डोळे फिरवले, मान नाही.

"पाणी का पीत नाहीस गं?"

"पानी पेलं की ते हालतात."

"काय हलतात?"

"इळे." तिने डाव्या हाताचं एक बोट जपून उचललं. त्यावर पांढरा जुना वण होता. "हे ज्वारी सोंगतानी लागलं होतं. एकच इळा होता, तरी एवढं रगत आलं. आतमंदी किती हायेत ताई?"

पुण्यातल्या मुलाने विळा पाहिला असता तर त्याला ती एक आकृती वाटली असती. या मुलांच्या घरी तो दारामागे खोचलेला असतो. त्यांना त्याची धार कोणत्या बाजूला ते ठाऊक असतं, मायच्या बोटावरची चिंधी ठाऊक असते. आणि आम्ही तो मुठीसकट तिच्या नसांत सोडून आलो होतो.

त्या दुपारी वॉर्डात सभा भरली. मी भरवली नाही, इर्शादने भरवली. विषय एकच, वाकड्या पेशीला काय म्हणायचं. सिस्टर अध्यक्ष, कारण खुर्ची एकच होती. गुलाबकाका ब्रश घेऊन तयार.

"केळं," एक मुलगा म्हणाला.

"केळं मऊ असते. अडकते कुठं? पिचकून जाते," दुसऱ्याने ते बाद केलं.

"काजू."

"काजू कोणी पाह्यला?" एकाने पाहिला होता, लग्नात, भातात, पण त्याच्या वाटणीला आला नव्हता. काजू बाद.

"मामाची मिशी," एक चिमुकली म्हणाली. तिचा मामा समोरच उभा होता. तो बाहेर निघून गेला.

मी म्हटलं, "ईदचा चांद कसा? इर्शाद?" मला वाटलं फार सुंदर सुचलं.

इर्शादने माझ्याकडे दयेने पाहिलं. "चांद कैसे अटकेगा ताई? आणि अटक गया तो ईद कब होगी?"

तोवर पायल उठून बसली नव्हती, पण ऐकत होती. वॉर्डात त्या दिवसांत जो कोणी भेटायला येई तो संत्री घेऊन येई. हंगाम होता, रस्त्याकडेला ढीग लागलेले, आणि आमच्याकडे आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. प्रत्येक खाटेखाली सालींचा ढीग. पायलच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आजी संत्रं सोलत होती. पायल हळूच म्हणाली, "फोड."

सगळे वळले.

"संत्र्याची फोड. सगळ्या फोडी संगं असल्या की गोल राह्यते. एकटी पडली की वाकडी दिसते. अन् धार नसते तिले."

गुलाबकाकांनी डोळे पुसले आणि ब्रश पाण्यात बुडवला. ऑइलपेंटचा ब्रश पाण्यात बुडवणारा माणूस हलला आहे असं समजावं.

चौथं पान पुन्हा रंगवायचं ठरलं. बाबा बाजूला उभे होते. "आयुष्यात पहिल्यांदाच," ते गंभीरपणे म्हणाले, "मी विळा पुसायला परवानगी देतो आहे." कोणी परवानगी मागितली नव्हती. गुलाबकाकांनी पात्यांवर नारिंगी रंग चढवला, आत रेषा काढल्या, बियासुद्धा काढल्या. पण मुठीचा तपकिरी रंग घट्ट होता, तो खालून डोकावत राहिला. दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर इर्शादने पाहणी केली.

"संत्र्याले मूठ काहून हाये?"

"देठ आहे तो," मी म्हणाले.

"फोडीले देठ?"

गुलाबकाका म्हणाले, "हायब्रीड हाये बेटा." त्या वर्षांत वऱ्हाडात या उत्तरावर कोणी पुढे विचारत नसे.

पायल त्या पानाजवळ गेली, मुठीवरून बोट फिरवलं, पात्याच्या जागी आलेल्या फोडीवरून फिरवलं आणि परत येऊन पूर्ण तांब्याभर पाणी प्यायली. सिस्टर दुसरीकडे बघून नाक पुसत होत्या.

असं झालं तरी पुस्तकाचं खरं काम झालं नव्हतं. पायल आता हलत होती, पाणी पीत होती, फोडी कशा अडकतात ते नवीन मुलांना समजावून सांगत होती. पण शेवटचं पान आलं की ती गप्प. दुखलं की सांगा. मी ते सहा प्रकारे लिहून पाहिलं. विनंती केली, आवाहन केलं, यमक जुळवलं. एकदा तर "सांगितलंच पाहिजे!" असंही लिहिलं. शेवटी मी तिलाच विचारलं, "काहून नाही सांगत तू?"

ती आजूबाजूला बघून म्हणाली, "मी सांगतलं की समदं थांबते."

मग तुटक तुटक आलं. ती दुखतं म्हणाली की माय कापसाची वेचणी सोडून निघते. सगळ्या बाया पुढे जातात, मायची ओळ तशीच राहते. बाप ज्याच्याकडे कामाला जातो तिथून सुट्टी मागतो, मालक बोलतो. धाकटं पोर शेजारणीकडे, ते रात्रभर रडतं. चूल पेटत नाही. "एक शब्द बोलली की समदं घर बंद पडते. म्हून मी पाह्यते, जमन तेवढं दाबून."

आमच्या घरात सगळं थांबवणं हीच तर आयुष्यभराची इच्छा. बाबांनी चक्का जामची पत्रकं छापली, हातात बावटे घेऊन रस्त्यावर बसले, आणि एवढं करून एसटीसुद्धा कधी पंधरा मिनिटांच्या वर थांबली नाही. ड्रायव्हर उतरून चहा प्यायचा आणि परत निघायचा. इथे नऊ वर्षांच्या एका पोरीच्या हातात ती ताकद होती, एका शब्दात सगळं थांबवायची, आणि ती वापरावी लागू नये म्हणून ती दात दाबत होती. तिला "सांग" म्हणणं सोपं होतं. जे थांबतं त्याची जबाबदारी कोण घेणार, हे पुस्तकात कुठल्या पानावर लिहायचं? मी शेवटचं पान कोरं ठेवलं. बाबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, मजकूर मिळाला नाही.

त्याच आठवड्यात वॉर्डात दिल्लीहून एक कॅमेरावाला आला. त्याला संकटातलं बालपण हवं होतं. त्याने मुलांना हसू नका असं हिंदीत सांगितलं, त्यामुळे ती जास्तच हसायला लागली. मग तो पायलच्या मायकडे वळला. उंच, काटक बाई, बोटांना बोंडांच्या सालीने चिरा पडलेल्या. त्याने आवाज एकदम खाली आणून विचारलं, "आपके पति...?"

"हायेत नं. खाली चहा पिऊन राह्यले."

"मतलब... ठीक हैं?"

"हाव. काहून? काई केलं का त्यायनं?"

तो बिचारा निराश झाला. तेवढ्यात पायलचा बाप खरोखरच चहाचे ग्लास घेऊन वर आला आणि एक ग्लास कॅमेरावाल्याला दिला. बापाचा फोटो काही कुठे छापून आला नाही. जिवंत माणसाचा फोटो त्या वर्षी कोणी छापत नव्हतं. मी त्यावर एक जळजळीत पत्रक लिहिलं, बाबांनी ते गुलाबी कागदावर छापलं आणि माय त्या पत्रकात शेंगदाणे बांधून गावाला घेऊन गेली. चांगलं मजबूत पत्रक होतं, ती नंतर भेटली तेव्हा म्हणाली, एकही शेंगदाणा सांडला नाही.

पायल घरी गेली. जाताना सिस्टरनी मायला, बापाला, पायलला, तिघांना पुन्हा सगळं सांगितलं. तिघांनी माना हलवल्या. सिस्टरना त्या मानांवर विश्वास नव्हता. मलाही नव्हता. म्हणून एका रविवारी मी तिच्या गावी गेले.

घराला कुलूप होतं. सगळे वेचणीला. धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, शेतात पोचले तर बायांची रांग कापसात उतरलेली, कमरेला कापूस टाकायचे कापडी ओटे बांधलेले, बोलणं आणि हात एकाच वेगात. पायल धुऱ्यावरच्या बोरीखाली बसली होती, स्वेटर, कानाला रुमाल, शेजारी पाण्याची बाटली. मला पाहून हसली. मायने मलाही ओटा बांधून दिला. "आल्या तं हात लावा."

मी दोन्ही हातांनी वेचायला लागले. सुकलेलं बोंड बोटाला टोचतं हे मी किती पत्रकांत लिहिलं होतं. पत्रकात ते कमी टोचतं.

"ताई, कापूस वेचा, पाला नका वेचू," शेजारची बाई म्हणाली.

"राहू दे वो, शहरातल्या लोकायले दोनी सारखेच," पुढची म्हणाली.

दुपार कलली. वारा सुटला, थंड. मी मध्येमध्ये बोरीकडे बघत होते. एकदा पाहिलं तेव्हा पायल बोरं वेचत होती. नंतर पाहिलं तेव्हा ती बसली होती. त्यानंतर पाहिलं तेव्हा ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि तिचा खालचा ओठ दातांत होता.

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. मला ओरडता आलं असतं. मायला सांगता आलं असतं. सांगणारच होते, तोंड उघडलंही होतं. पायलने मला पाहिलं आणि मान हलवली, नाही. मग ती माय गेली त्या दिशेला बघत राहिली. मायची पाठ वाकलेली, रांगेत सगळ्यांच्या पुढे, त्या दिवशी तिचा हात चांगला चालला होता. मध्येच तिने कमरेवर मूठ दाबली, पण थांबली नाही. पायल ते बघत होती. मग ती उठून उभी राहिली, बोरीला एका हाताने धरून, आणि एवढ्याशा छातीतून असा आवाज काढला की तुरीतले पारवे उडाले.

"ए माय! ठेव ते! मले दुखून राह्यलं!"

सगळी रांग थांबली. एकेक पाठ सरळ झाली. मायने ओटा सोडला, कापूस तिथेच सांडला आणि ती सऱ्यांवरून उड्या मारत आली. येता येता बोलतच होती. "मंग एवढ्यातच लागलं का? कवापासून दुखते? खरं सांग! बोंबलता येते तं आदी काहून नाई बोंबलली, भवाने!" आणि पोचल्यावर तिला पोटाशी धरून अशी उभी राहिली की दोघींमधून वारा जाऊ नये.

बाया तिथेच उभ्या होत्या. कोणी परत वाकलं नाही. मग रांगेतली सगळ्यात म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मले बी दुखते वो."

कोणी हसलं नाही.

"माही कंबर तं दिवाईपासून धरली हाये," दुसरी म्हणाली.

"माहे गुडघे."

"माहा हा हात. रातच्याले उचलत नाई."

"मी म्हटलं मलेच होते का काय," मघाशी मला पाल्यावरून बोललेली बाई म्हणाली, आणि खाली सरीतच बसली.

कोणीतरी रस्त्याकडे धावलं काळीपिवळी जीप थांबवायला. कोणीतरी मायचा सांडलेला कापूस भरायला घेतला, दुसरी म्हणाली तिची ओळ आपण काढू, धाकटं माह्याकडे राहीन. पण सांगणं काही थांबेना. मान, पाठ, टाच, दाढ. एवढ्या मोठ्या शेतात जणू आजच कोणीतरी विचारायला आलं होतं.

मायच्या खांद्यावरून पायलने मान वर काढली. ओठावर दाताचे व्रण, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर खराखुरा राग.

"तुमचं मागून सांगा नं बाप्पा," ती ओरडली, "पह्यला नंबर माहा हाये!"